पाच दिवसांत दिवेआगर ते गोवा नको, गणपतीपुळ्यापर्यंतच जा

तुम्ही विचारलंय की तुम्ही आणि तुमचा मेहुणा डिसेंबरात दिवेआगरहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं पाच दिवसांत सायकलवर गोव्याला पोचायचं म्हणताय, रोज शंभर किमी, दर रविवारी पुण्याहून लोणावळा करून येता म्हणून दमाची काळजी नाही, आणि शंका एवढीच की छोट्या गावांत राहायचं-जेवायचं कसं, सगळीकडे आधी बुकिंग करावं की जाऊन विचारावं. मी हा रस्ता गेली सोळा वर्षं तुकड्यातुकड्यानं करतोय, दोनदा सलगही केलाय, त्यामुळे जरा लांब लिहितो, पण गावांचं उत्तर द्यायच्या आधी तुमच्या शंभर किमीबद्दलच बोलावं लागेल कारण सगळं तिथंच अडकतं. रोज शंभर धराल तर गावात राहायचा प्रश्नच येणार नाही, गाव दिसणारच नाही.

लोणावळ्याचा रस्ता आणि हा रस्ता यांची तुलना होत नाही. सागरी मार्ग म्हटलं की डोळ्यासमोर येतं समुद्राच्या कडेनं सपाट रस्ता. असा रस्ता आहे, पण तुकड्यातुकड्यांत. बाकी सगळं असं की गाव खाडीच्या तोंडाशी, समुद्रसपाटीला, आणि गावातून बाहेर पडलं की रस्ता सरळ सड्यावर चढतो, शंभर-दीडशे मीटर, कधी जास्त. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, वर सावली नाही, पाणी नाही, डिसेंबरात गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, दिसायला फार सुंदर पण अकरानंतर तव्यावर चालल्यासारखं. मग पुन्हा उतार, पुन्हा खाडी, पुन्हा माड-पोफळी, पुन्हा चढ. दिवसातून हे चार-पाच वेळा होतं, साठ किमीत हजार मीटरच्या आसपास चढ सहज भरतो आणि तोही लांब घाटासारखा एकसुरी नाही, छोटा आणि उभा. लांब घाटात माणूस लय पकडतो, इथं लय लागायच्या आत चढ संपतो आणि ब्रेक धरावे लागतात. सामान लादलेल्या सायकलवर इथले साठ म्हणजे तुमच्या रविवारचे एकशेवीस, असं धरून चाला.

आणि रस्त्यावर कुणाला विचारलंत की पुढं चढ आहे का, तर उत्तर येणार "नाय हो, थोडीशी घाटी आहे". माणूस खोटं बोलत नसतो, तो रोज मोटारसायकलनं जातो, त्याला ती घाटी खरंच थोडीशीच वाटते. अंतराचंही तसंच, "हे काय, पलीकडेच". मी विचारायचा प्रश्नच बदलला, आता विचारतो की "चालत गेलात तर किती वेळ लागतो?" म्हातारी माणसं याचं उत्तर अगदी अचूक देतात कारण ती खरोखर चाललेली असतात. दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी कर्वे तरुणपणी परीक्षेसाठी सातारला चालत गेले होते, सह्याद्री ओलांडून, आणि त्या मुलखातल्या जुन्या माणसांना अंतर अजून पायांनीच ठाऊक आहे.

आता फेरीबोटी. हा या रस्त्याचा जीव आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, यांत मोटारगाड्या चढतात त्यामुळे सायकलचं काहीच अडत नाही. दाभोळची 2003 साली सुरू झाली, त्याआधी पलीकडे जायचं तर साध्या होडीनं खाडी पार करायची नाहीतर चिपळूणवरून शंभरच्या वर किलोमीटरचा वळसा, आणि पलीकडचं गाव डोळ्यांना समोर दिसतंय! बोटीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात, ती फोन बघण्यात घालवू नका. गावाची पहिली ओळख बोटीवरच होते. डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणी, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, आणि तुमची लादलेली सायकल बघून कुणीतरी विचारणारच, "कुठून आलात?" तिथंच विचारून टाकायचं की पुढच्या गावात घरगुती जेवण कोण देतं. मला आजवर जी चांगली घरं मिळाली त्यातली निम्मी तरी बोटीवर मिळालीत. बोटींच्या वेळा मात्र आदल्या दिवशी फोन करून पक्क्या करा, शेवटची बोट चुकली तर वळसा सायकलवर त्या दिवशी होणारच नाही. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठ्या पुलांची कामं निघालीयत, पूल झाले की वेळ वाचेल हे खरं आणि गावांना ते हवेच आहेत, आजारी माणसाला रात्री पलीकडे न्यायचं तर बोट कुठून आणणार, पण बोटी आहेत तोवर त्यातून जाऊन या असं मला मनापासून वाटतं.

राहायचं कसं. मी करतो ते सांगतो. पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचं बुकिंग करा, मधल्याचं पैसे भरून करू नका, पण सकाळी निघतानाच संध्याकाळच्या गावी एक फोन झालेला हवा. हे जेवणासाठी. कोकणातल्या छोट्या गावात खानावळीत तयार जेवण पडून नसतं, तुम्ही सांगितलंत तर तांदूळ धुतला जातो, मासळी आणली जाते. न सांगता रात्री आठला जाऊन उभं राहिलं तर त्या घरातल्या बाईनं पुन्हा चूल पेटवायची, आणि ती पेटवतेही, म्हणूनच आपण तशी वेळ येऊ द्यायची नाही. दुपारचंही लक्षात ठेवा, एक ते चार दुकानं बंद, गाव झोपलेलं. त्यामुळे दुपारचं जेवण साडेबारापर्यंत उरकायचं किंवा सोबत ठेवायचं. मी शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी घेतो. सकाळी घावणे किंवा आंबोळी मिळाली तर पोटभर खा, पोह्यांवर सड्यापर्यंतच पोचता येतं. पाणी प्रत्येकी अडीच-तीन लिटर, गाव सोडतानाच भरून घ्या, वर मिळत नाही. आणि कुणाच्या आगरातल्या बावीवर न विचारता जाऊ नका, हाक मारा, बहुतेक वेळा घरातून थंड पाणी आणि वर कोकम सरबत येतं.

काहीच सोय नसलेल्या गावात संध्याकाळ झाली तर थेट कुणाचं दार वाजवायचं नाही. आधी दुकान गाठायचं, चहा किंवा बिस्किटचा पुडा काहीतरी घ्यायचा, बसायचं, कुठून आलो कुठं चाललो ते आपणहून सांगायचं. मग विचारायचं की देवळात किंवा शाळेच्या पडवीत रात्र काढली तर चालेल का आणि परवानगी कोणाची घ्यावी. देवळाला गुरव किंवा विश्वस्त असतात, शाळेसाठी गुरुजी किंवा सरपंच, आणि पोलीस पाटलाला सांगून ठेवणं सगळ्यात चांगलं. आधार कार्ड स्वतःहून दाखवा, मागायची वेळ येऊ देऊ नका. दहापैकी आठ वेळा देवळाचा विषय निघेपर्यंत कुणीतरी म्हणतंच "देवळात कशाला, आमच्या पडवीत झोपा". पण हे सगळं उजेड असताना व्हायला हवं. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, मी साडेचारला सायकल थांबवतो म्हणजे थांबवतोच. अंधारात आलेल्या दोन अनोळखी पुरुषांना घरात एकट्या बाईमाणसानं काय उत्तर द्यायचं? कोकणात कितीतरी घरांत म्हातारी माणसंच उरलीयत, पोरं मुंबईला. त्यांना कोड्यात टाकायचं नाही. शिवाय अंधारात त्या रस्त्यांवर उतार धोक्याचे असतात आणि बिबट्या सगळीकडे आहे.

पैशांचं सांगतो कारण इथं मी एकदा मोठी चूक केलीय. राजापूर तालुक्यातलं एक गाव, मागचा गिअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला ज्यावर बसतो तो छोटा तुकडा) वाकून चेन अडकली होती, दुपारभर ढकलत आलो होतो. एका मावशींनी पडवी दिली, कुळथाची पिठी आणि भात वाढला, सकाळी परत घावणे. मी पैसे विचारले तर म्हणाल्या "नको हो, घरच्यासारखे आलात". मला राहवेना, निघताना ताटाखाली पाचशेची नोट ठेवली. दोन किमी गेलो असेन, त्यांचा नातू सायकल मारत मागून आला, नोट माझ्या हातात दिली आणि म्हणाला आजी रडतेय. तो प्रसंग आठवला की अजून गलबलतं. त्या बाईनं मला घरचा मानलं आणि मी गिऱ्हाईक होऊन बिल भरून निघालो होतो. मी परत गेलो, माफी मागितली, आणि त्यांच्याकडून आमसुलं, फणसपोळी आणि एक बाटली कोकमाचं आगळ विकत घेतलं, त्याचे पैसे त्यांनी मोजून घेतले, भाव सांगून घेतले. त्यानंतर माझा नियम पक्का आहे. जिथं धंदा म्हणून राहायला देतात, होमस्टे असो खानावळ असो, तिथं सांगतील तो दर, घासाघीस नाही. जिथं पाहुणा म्हणून ठेवतात तिथं पैसे पुढे करायचे नाहीत, घरात विकायला काही असेल तर घ्यायचं, नसेल तर देवळाच्या पेटीत टाकायचे, आणि घरी पोचल्यावर फोन करायचा, "मावशी, पोचलो". तो फोन फार महत्त्वाचा. त्या घरी मी नंतर तीनदा गेलोय.

लहान मुलांना रस्त्यात चॉकलेटं वाटत जाऊ नका. पुढच्या सायकलवाल्यामागे ती पळतात आणि वळणावर गाडी येते. त्यापेक्षा थांबा, सायकलचे गिअर बदलून दाखवा, पाच मिनिटं त्यांना चालवू द्या. कोळीवाड्यात फोटो विचारूनच. सायकलची तंग शॉर्ट असेल तर गावात शिरताना वरून साधी हाफ पँट चढवा, देवळात तर नक्कीच. आणि "तुमचं गाव कोणतं?" याला पुणे हे उत्तर पुरत नाही, त्यांना मूळ गाव विचारायचं असतं. ते सांगितलंत की पुढचा अर्धा तास गप्पा. देवगडच्या खाली गेलात की तोच प्रश्न "खयसून इलात?" असा येतो, तेव्हा समजायचं की भाषा बदलली.

सायकलबद्दल. तुमची हायब्रिड चालेल, नवी घेऊ नका. फक्त पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा कमी आहेत ना ते मोजा, म्हणजे पुढे 28 आणि मागे 32 किंवा 34. पुढे दोनच चकत्या असतील आणि लहान 34 ची असेल तर मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलून 34-36 पर्यंतची बसते का ते दुकानात विचारा, सामान घेऊन जयगडच्या खाडीतून वर येताना याची किंमत कळते. टायर 35 किंवा 38 चे, नवे. ब्रेकचे गुटके नवे टाका आणि एक जोडी जास्तीची घ्या. इथले उतार उभे, वळणावर जांभ्याची बारीक लाल खडी सांडलेली असते आणि नेमकी तिथंच समोरून एसटी येते. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबाल तर पडाल. एसटी आली की मी सरळ रस्त्याच्या बाहेर पाय टेकतो, रस्ता एका गाडीपुरताच असतो.

व्हॉल्व्हकडे बघून ठेवा, हे कुणी सांगत नाही. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याची हवा त्यात जात नाही. त्याच्याकडे मोटारसायकलची मशीन असते नाहीतर साध्या सायकलचा व्हॉलट्यूबवाला पंप. दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर मिळतो, दोन घ्या, एक हरवतोच. स्वतःचा छोटा पंप, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं हत्यार, जास्तीचा गिअर हँगर तुमच्याच मॉडेलचा (प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, तिथं मिळणार नाही). माझा हँगर वाकला तेव्हा गावातल्या ग्रिलवाल्यानं चेन कापून छोटी केली आणि गिअरशिवाय एकाच चकतीवर सायकल करून दिली, तशी मी सत्तर किमी चालवली. अगदीच मोडली तर छोटा हत्ती (छोटा टेम्पो) मिळतो, दुकानात विचारलं की कुणीतरी चुलतभावाला फोन लावतंच. एसटीच्या टपाचा भरवसा नको, नव्या गाड्यांना टपावर चढवायची सोयच नसते.

सामान पाठीवर नको, कॅरियरला पिशव्या लावा, प्रत्येकी आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. रोख पैसे सुट्ट्यांसकट ठेवा, खाडीच्या खोबणीतल्या गावांत रेंज जाते आणि स्कॅन होत नाही.

आता तुमचे पाच दिवस. दिवेआगर ते गोव्याच्या हद्दीवरचं तेरेखोल किनाऱ्यानं पाचशेच्या आसपास किमी होतात, आणि बोटी आणि चढ धरून ते दहा दिवसांचं काम आहे. मी तुमच्या जागी असतो तर गणपतीपुळ्यापर्यंतच गेलो असतो आणि तिथून खालचं पुढच्या वर्षी. पहिल्या दिवशी दिवेआगरहून आरावी-शेखाडीच्या रस्त्यानं श्रीवर्धन, हा तुकडा खरंच समुद्राला लागून आहे, घाई करू नका. मग हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, आणि मुक्काम वेळासला. वेळास नाना फडणवीसांचं गाव, आणि आता कासवांचं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावानं राखली आणि कासवं बघायला येणाऱ्या लोकांमुळे घराघरांत राहायची सोय झाली. पिल्लं साधारण फेब्रुवारीनंतर निघतात, डिसेंबरात ती दिसणार नाहीत पण घरं मोकळी असतात आणि गप्पा मारायला माणसं.

दुसऱ्या दिवशी केळशी, आडे, आंजर्ले. मुक्काम आंजर्ले, संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला चालत चढा, पायांना वेगळं काम मिळतं. तिसऱ्या दिवशी हर्णै, समोर सुवर्णदुर्ग, मासळीचा लिलाव संध्याकाळी भरतो म्हणून जमलं तर दिवस छोटा करून हर्णैतच किंवा मुरुडला थांबा. माझ्या मते या पूर्ण प्रवासात एवढं एकच ठिकाण आहे जिथं किलोमीटर सोडून द्यावेत. चौथ्या दिवशी पहाटे निघून लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ, बोट, धोपावे, आणि गुहागर, हा सगळ्यात दमवणारा दिवस, त्याआधी रात्री लवकर झोपा. पाचव्या दिवशी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले, तवसाळ आणि पलीकडे जयगड. तवसाळचा उतार लांब आहे, ब्रेक थंड होऊ देत देत उतरा. जयगडच्या चढानंतर गणपतीपुळ्यापर्यंत संध्याकाळच्या उन्हात पोचाल.

परतीला रत्नागिरीहून रेल्वे घ्यायची असेल तर सायकल पार्सल ऑफिसातून लगेज डब्यात टाकावी लागते, दोन तास आधी जा, लाइट, बाटल्या, पिशव्या काढून घ्या, नाव आणि फोन लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन जागी बांधा. गाडी दोनच मिनिटं थांबते अशा छोट्या स्टेशनवर हे करू नका, डबा उघडेपर्यंत गाडी सुटते. पण तुम्ही पुण्याचे, तुम्हाला रात्रीची बसच सोयीची. तिकीट काढतानाच डिकीत सायकल ठेवणार का आणि किती घेणार ते विचारून ठेवा, पुढचं चाक काढून ठेवलंत की दोन सायकली आरामात बसतात, मधे एक जुनी चादर घाला म्हणजे रंग खरवडत नाही.

दिवेआगरहून निघायच्या आदल्या रात्री वेळासला फोन करायला विसरू नका, दोन माणसं, संध्याकाळचं जेवण, शाकाहारी की मासे ते सांगा.